चिंचोके, उंदीर आणि महाराजांचं पत्र

घरात इतिहासाचा खेळ मांडायचा म्हटलं की बहुतेक घरांत पुठ्ठ्याची तलवार आधी तयार होते. मग महाराज कोण व्हायचं यावरून भांडण, आणि धाकट्याला बळेच शत्रू केलं जातं. दहा मिनिटांत रडारड. यात मुलांचा दोष नाही. लढाईच्या खेळात हाणामारीखेरीज ठरवण्यासारखं काही उरतच नाही. माझं सांगणं एवढंच, की लढाई नको, कारभार खेळा. कारभारात अडचण असते, आणि अडचण आली की मूल विचार करतं.

त्यासाठी एक पत्र फार उपयोगी आहे. 1670 च्या दशकात शिवाजी महाराजांकडून चिपळूणच्या लष्करी छावणीतल्या जुमलेदार, हवालदार या लष्करी अधिकाऱ्यांना आणि कारकुनांना गेलेलं. पावसाळ्यासाठी दाणा-गवताचा साठा केला आहे, तो आताच उधळलात तर भर पावसात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांचं, म्हणजे शेतकऱ्यांचं, धान्य-भाजी ओरबाडायला लागाल, आणि त्यांना वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. लागेल ते पैसे देऊन विकत घ्या. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात पळवेल आणि गवताला आग लागेल. असा त्याचा आशय. राजाच्या पत्रात उंदीर येतो, ही गोष्ट मुलं विसरत नाहीत.

आता मांडणी. वय सात ते अकरा, मुलं चार. दोन शिलेदार, एक कारकून, एक कुणबी. महाराज कोणीच नाही. प्रत्येक शिलेदाराकडे दोन उशा, म्हणजे दोन घोडी. कारकुनाच्या डब्यात 70 चिंचोके, कुणब्याच्या वाटीत 24. चणे-शेंगदाणे घेऊ नका, आषाढ यायच्या आत कोठार पोटात जातं. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर चिंचोक्यांऐवजी मोठे ठोकळे घ्या, चिंचोका घशात अडकतो.

ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद. महिन्याच्या चार पाळ्या, एकूण सोळा. दर पाळीला प्रत्येक घोड्याला एक चिंचोका पुरतो. कुणब्याच्या घरीही एकच लागतो. मात्र दोन चिंचोके खाल्लेल्या घोड्यावर बसून खोलीभर एक फेरी मारता येते. खेळाची सगळी गंमत या एका सवलतीत आहे, ती गाळू नका. चार घोड्यांना सोळा पाळ्यांत 64 चिंचोके लागतात, म्हणजे 70 पुरून उरतात. पण प्रत्येक घोडं दर वेळी दोन खाऊ लागलं, तर आठ पाळ्यांतच 64 संपतात आणि श्रावणाच्या पहिल्याच आठवड्यात डब्यात फक्त सहा राहतात. हा हिशेब आधी सांगायचा नाही. कारकुनाला फक्त पाटी-खडू द्या आणि दर पाळीला खर्च लिहायला सांगा.

दिवा म्हणून टॉर्च ठेवा, खरी पणती नको. पाळी संपल्यावर टॉर्च चालू राहिला तर उंदीर झालेल्या आईने किंवा बाबांनी दहा चिंचोके उचलायचे, एक शब्दही न बोलता.

डबा रिकामा झाला की नजरा कुणब्याच्या वाटीकडे वळतात. कोणी मागतं, कोणी सरळ हात घालतं. खेळ तिथेच थांबवायचा आणि मग पत्राचा आशय सांगायचा. आधी सांगितलं तर तो उपदेश होतो. या क्षणी सांगितलं तर मुलांना कळतं की हे आपल्यालाच लिहिलंय. इथे पालकांचा तोल हमखास जातो. ते स्वतःच महाराज होऊन रागावायला लागतात. तसं करू नका, शांतपणे वाचून दाखवा, बस्स. आणि कुणबी झालेलं मूल रडवेलं झालं असेल तर त्याला लगेच कारकुनाची पाटी द्या.

कोणी मध्येच म्हणालं, “फोन करून दाणे मागवू या,” तर खेळ मोडून दुरुस्ती नको. बाजूला टिपून ठेवा. नंतर पाटीवर दोन रकाने करा, ‘पत्रातलं’ आणि ‘आपण रचलेलं’. उंदीर पहिल्या रकान्यात. सत्तर चिंचोके, घोड्यावरची फेरी आणि तो फोन दुसऱ्यात. मग थोडा अवघड प्रश्न विचारा: छावणीत आग लागली होती का? पत्रात तसं नाही. लागू शकते एवढीच ताकीद आहे. ताकीद वेगळी आणि घडलेली हकिकत वेगळी, हा फरक मोठ्यांच्या गप्पांतही पुसला जातो, म्हणून इथे घाई नको.

दोन-चार दिवसांनी हाच खेळ भूमिका बदलून खेळा. या खेपेला प्रत्येक शिलेदाराला चार तांबडी बटणं द्या, त्या शिवराया, म्हणजे महाराजांची तांब्याची नाणी. कुणब्याला सोळा पाळ्यांसाठी सोळा चिंचोके लागणार, म्हणजे विकायला आठच. भाव त्याने सांगायचा, नाही म्हणायचाही हक्क त्याचा. दसऱ्याला घोडी मोहिमेवर निघतात. त्या वेळी कोणाच्या वाटीत किती उरलं ते कारकुनाने मोठ्याने वाचायचं.