झाडाखालची माती आणि पिंपळी

(फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयात फेब्रुवारीअखेर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. घराभोवतीची बाग या विषयावर बोलायला गेलं की एक तक्रार हमखास ऐकू येते : सावलीत काही येत नाही. आंब्याखाली, फणसाखाली, चिकूखाली जमीन उघडी पडलेली असते. मग कुणी तिथे लादी बसवतो, कुणी लॉन लावतो. लॉनचं गवत उन्हातलं. फणसाखाली ते विरळ होत जातं आणि शेवटी शेवाळ उरतं. म्हणून बहुतेक घरांत ती जागा रोज सकाळी झाडून लख्ख ठेवली जाते आणि गोळा झालेला पाला कोपऱ्यात जाळला जातो. मला आज जे सांगायचं आहे ते या झाडून लख्ख केलेल्या जमिनीबद्दल आहे.

आपल्याला वाटतं, वर एवढं मोठं झाड आहे म्हणजे खालची माती पावसापासून सुरक्षित आहे. तसं नाही. पाऊस पानांवर पडतो, पानाच्या टोकाशी गोळा होतो आणि तिथून मोठा थेंब होऊन खाली सुटतो. हा थेंब बऱ्याचदा आभाळातून आलेल्या थेंबापेक्षा जाड असतो. झाड ठेंगणं असेल तर त्याला वेग घ्यायला उंची मिळत नाही. पण आठ-नऊ मीटर उंचीवरून पडला की तो जवळजवळ पुऱ्या वेगाने मातीवर आदळतो. उंच झाडाखालची उघडी माती म्हणूनच मोकळ्या जागेतल्या मातीपेक्षाही जास्त मार खाऊ शकते. त्यात गोव्याचा पाऊस वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आपली जमीन जांभ्याची. बारीक माती वाहून गेली की वर लाल खडी राहते, झाडाची मुळं उघडी पडतात. जुन्या आंब्यांच्या बुंध्याशी मुळांच्या दोऱ्या वर आलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. तिथे पूर्वी माती होती.

आता हेच झाड रानात असतं तेव्हा काय होतं? खाली पाचोळ्याचा थर असतो आणि त्यावर वीतभर, हातभर उंचीच्या वनस्पती. थेंब वरच्या पानावरून खालच्या पानावर पडतो, तिथे फुटतो, आणि मातीपर्यंत हळूच पोचतो. बागेत आपण झाड ठेवतो आणि हा खालचा थर तेवढा काढून टाकतो. माझ्या मते आपल्या बागांमधली ही सगळ्यात मोठी उणीव आहे, आणि ती भरून काढणं फारसं कठीण नाही.

जमीन झाकायला काय लावावं, असं नर्सरीत विचारलं की बऱ्याचदा वेडेलिया हातात ठेवतात, पिवळ्या फुलांची. कृपा करून ती आणू नका. ती मूळची उष्ण अमेरिकेतली, आणि जगातल्या 100 सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. उपटून फेकलेल्या तुकड्याला मुळं फुटतात. कुंपणाबाहेर टाकलेला कचरा व्हाळापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, गेला की तिथला काठ तिचाच होतो.

माझी निवड पिंपळी. ही आपलीच, सह्याद्रीच्या सदाहरित रानातली, ओल्या सावलीची. मिऱ्याची सख्खी बहीण. पण मिरवेल पोफळीवर चढते आणि पिंपळी जमिनीवर सरपटते. जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात, म्हणून ती माती धरून ठेवते. खालची पानं हृदयाच्या आकाराची, लांब देठाची. फुलोऱ्याच्या उभ्या फांद्यांवरची पानं मात्र जवळपास बिनदेठाची, दांड्याला बिलगलेली. एकाच वेलावर ही दोन प्रकारची पानं दिसली की ओळख पटते. नर्सरीत कधीकधी जावा बेटाकडची लांब मिरी पिंपळी म्हणून विकतात. ती वर चढणारी आहे, जमीन झाकायच्या कामाची नाही. विकत घेताना वेल जमिनीवर पसरलेला पाहूनच घ्या.

आणि ही निव्वळ शोभेची वनस्पती नाही. सुंठ, मिरी, पिंपळी म्हणजे आयुर्वेदातलं त्रिकटू. पोरांच्या खोकल्याला मधातून दिलेली चौसष्ट प्रहरी पिंपळी, म्हणजे चौसष्ट प्रहर खललेली पूड, इथल्या ज्येष्ठांना नक्की आठवेल. किराणा दुकानात गंठोडा मिळतो, तो हिच्याच मुळांचा आणि खोडाच्या तळाचा. पणजीत चर्चसमोरच्या बागेला ज्यांचं नाव आहे त्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यांनी 1563 मध्ये इथेच गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात काळ्या मिऱ्याबरोबर पिंपळीचाही विचार केला आहे.

लागवडीचं सांगतो. मार्च-एप्रिलमध्ये तीन-चार पेरांचे तुकडे कापून पिशवीत लावायचे, दोन पेरं मातीत. माती, रेती आणि कुजलेलं शेणखत, एवढं पुरतं. पिशव्या सावलीत ठेवायच्या, पाणी रोज थोडं. मे संपेपर्यंत मुळं भरतात. मिरगाचे दोन-तीन पाऊस झाले, जमीन आतपर्यंत भिजली, की लावायचं. पिकासाठी लावणारे दोन फुटांवर लावतात. जमीन लवकर झाकायची असेल तर एका फुटावर लावा, म्हणजे एका चौरस मीटरला साधारण 11 रोपं. एवढी विकत घ्यायची गरज नाही. यंदा चार आणा, पुढच्या वर्षी त्यांचेच तुकडे करा.

झाडाखाली कुदळ चालवू नका. तिथे झाडाची बारीक मुळं वरच्या वीतभर मातीतच असतात, ती तुटतात. रोपापुरता खळगा खुरप्याने करायचा, त्यात शेणखताची मूठ. बुंध्यापासून फूटभर जागा मोकळी सोडायची आणि बुंध्यावर माती चढवायची नाही. पाणी साचणारी जागा टाळा. भर पावसात पिंपळीला पानं आणि वेल कुजण्याचा रोग होतो, मिऱ्याला होतो तशातलाच, आणि साचलेलं पाणी त्याला आमंत्रण देतं. पोफळींवर फवारायचं बोर्दो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक, तुमच्याकडे तयार असेल तर तेच, 1 टक्क्याचं, इथेही चालतं. उन्हाळ्यात आठवड्याला एकदोनदा पाणी आणि वर पाचोळ्याचं आच्छादन. हे केलं नाही तर एप्रिलमध्ये वेल सुकून बसतो.

माडाखालची विरळ सावली हिला सगळ्यात मानवते. फणसाखालच्या दाट काळोखात ती पसरते, पण हळू, आणि फळ जवळजवळ धरत नाही. फळ हवं असेल तर मादी वेलाचेच तुकडे घ्या, कारण पिंपळीत नर आणि मादी वेल वेगळे असतात. मादीचे तुरे आखूड, जाड. नराचे लांब, बारीक. तुरे हिरवेगार पण कडक झाले की तोडायचे. पिकू दिले तर तिखटपणा जातो. चार-पाच दिवस उन्हात वाळवले की काळे पडतात.

ती पायाखाली तुडवलेली सहन करत नाही. येण्याजाण्याची वाट असेल तर चिऱ्याचे तुकडे टाका. जिथे बारमाही ओल आहे, पाटाच्या कडेला, तिथे मंडूकपर्णी ही जमिनीलगत पसरणारी छोटी वनस्पती लावा. आणि अधूनमधून हळदीचे गड्डे घाला, पातोळ्यांना पानं घरचीच होतील.

सापांचं काय, असं मघाशी मागून कुणीतरी विचारलं. प्रश्न रास्त आहे. साप उंदीर-बेडकांमागे येतो, आणि दडायला त्याला चिऱ्यांचा आणि लाकडांचा ढीग जास्त आवडतो. आधी तो हलवा. भिंतीलगत दीड मीटर पट्टा मोकळा ठेवा, पोरांच्या खेळायच्या जागी वेल पसरू देऊ नका. वेलात हात घालण्याआधी काठीने चाळवा, आणि रात्री विजेरीशिवाय, चप्पल-बुटाशिवाय तिकडे जाऊ नका. पाचोळ्यात घोणस असू शकते, हे मी लपवणार नाही. पण त्यासाठी साऱ्या परसाची माती दर पावसाळ्यात व्हाळाला देणं मला पटत नाही.

दाराशी टोपलीत ओल्या गोणपाटाखाली तुकडे ठेवले आहेत, मादी वेलाचे. घरटी दोन न्या. आज रात्रीच पिशवीत लावा, उद्यापर्यंत ठेवलेत तर सुकतील.