कुंडीतल्या वाटाण्याचा महिना

नमस्कार श्रोतेहो.

वाटाण्याचं रोप वाढताना बसून कोण पाहतं? १९१२ साली मुंबईत एका गृहस्थाने ते पाहिलं, आणि तेही कॅमेऱ्यातून. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोखून ठेवला. ठरलेल्या वेळी यायचं, हँडल फिरवून एक चौकट टिपायची आणि बाजूला व्हायचं. असं जवळजवळ महिनाभर. शेवटी हाती आला जेमतेम मिनिटभराचा तुकडा. पडद्यावर माती उकलते, कोंब डोकं वर काढतो आणि बघता बघता वेल होते. निवडक मंडळींना बोलावून हा तुकडा दाखवला गेला आणि त्यातूनच पुढच्या चित्रपटासाठी कर्ज उभं राहिलं. हे गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, आपले दादासाहेब.

आज मला बोलायचंय ते आपल्या कलेवर पोट भरणाऱ्यांशी. कुणी दागिने घडवतं, कुणी मातीची भांडी करतं, कुणी साड्यांवर हाताने रंगवतं. मी स्वतः पुस्तकांची मुखपृष्ठं करते. आपल्या सगळ्यांची तक्रार एकच असते, की कामात लक्षच लागत नाही. दुसरी गोष्ट आपण तक्रार म्हणून सांगत नाही, पण ती असते. आतून काहीतरी सांगत असतं की हे काम घे, हे सोड, हा रंग नको, आणि त्या सांगण्यावर भरवसा ठेवावा की नाही ते कळत नाही.

फाळक्यांची गोष्ट आपण बहुतेक वेळा हट्टाची म्हणून सांगतो. विम्याच्या पॉलिसी गहाण, बायकोचे दागिने गहाण, वगैरे. ते खरंच आहे. पण त्या वाटाण्याचं काय करायचं? नुसत्या हट्टी माणसाने महिनाभर रोपाची राखण केली नसती. त्याने थेट कर्ज काढून चित्रपटाला हात घातला असता.

आधीचं आयुष्य बघा. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्म. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, मग बडोद्याच्या कलाभवनात. गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा केला. पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, ती सोडली. राजा रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी ब्लॉक केले, मग स्वतःचा छापखाना काढला, १९०९ मध्ये यंत्रं आणायला जर्मनीला गेले आणि भागीदारांशी पटेना म्हणून तोही सोडला. आजचा एखादा मामा म्हणाला असता, ‘धुंडिराजाचं काही धड नाही.’ पण ही सगळी कामं चित्र आणि त्याची प्रत यांच्याभोवती फिरणारी आहेत. माणूस भरकटल्यासारखा दिसत होता, पण हात एकाच दिशेने तयार होत होता. हे मागे वळून पाहताना दिसतं. त्या वेळी त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना ते काही सुखाचं गेलं नसणार.

मग मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट त्यांनी पाहिला. पुढे ‘नवयुग’ मासिकात त्यांनी लिहिलंय, की समोर ख्रिस्ताचं चरित्र सरकत होतं आणि मनात मात्र राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती. वय चाळिशीच्या पुढे, हातचा छापखाना गेलेला. आतून आलेली खूण यापेक्षा स्पष्ट काय असायची? तरी त्यांनी दुसऱ्या दिवशी कंपनीची पाटी लावली नाही. बायकोला, सरस्वतीबाईंना, घेऊन तोच चित्रपट पुन्हा पाहिला. मग कितीतरी दिवस संध्याकाळ चित्रपटगृहात आणि उरलेला वेळ घरी कॅमेऱ्याशी खटपट. १९१२ च्या फेब्रुवारीत लंडन गाठलं. तिथल्या ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांनी आधी ‘या भानगडीत पडू नका’ असंच सांगितलं. पण माणूस ऐकणारा नाही आणि कच्चाही नाही हे बघितल्यावर त्यांनीच पुढच्या ओळखी करून दिल्या. विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र मागवून फाळके परतले, आणि मग तो वाटाणा.

माझ्या मते आतल्या आवाजावर भरवसा ठेवायचा तो असा. त्याला लगेच घरदार सोपवायचं नाही आणि त्याला हसून घालवायचंही नाही. त्याला एक कुंडी द्यायची. नव्या धाटणीचे दागिने करावेत असं मनात येतंय ना, मग पाच नग करा, महिनाभर त्यांच्याकडे नीट बघा.

मला विचारतात, आतला आवाज कुठला आणि भीती कुठली, हे ओळखायचं कसं? माझी एक ढोबळ रीत आहे. भीती बहुधा माणसांबद्दल बोलते: अमकी काय म्हणेल, तमक्याचे फॉलोअर माझ्यापेक्षा जास्त आहेत. आणि खरी खूण कामाबद्दल बोलते: ही अक्षरं दाटीने बसलीत, हा निळा मेला आहे, या गिऱ्हाइकाला मुखपृष्ठ नकोच आहे, त्याला लग्नाची पत्रिका हवी आहे. दर वेळी हे लागू पडतं असं नाही, पण पुष्कळदा पडतं.

एक खूण मात्र फाळक्यांनी ऐकली नाही. ती डोळ्यांची. रात्रंदिवस पडद्याकडे पाहून, झोप तोडून त्यांची नजरच गेली होती. डॉक्टरांच्या उपचारांनी ती परत आली म्हणून आपल्याला पुढचं सगळं मिळालं. ध्यास घेतलेल्या माणसाचं आपण फार कौतुक करतो. मान आखडणं, डोळे चुरचुरणं, विनाकारण चिडचिड, हेही आतूनच येणारे निरोप आहेत. ते कलेइतके देखणे नसतात, एवढंच.

आता लक्षाबद्दल. इथे मला सरस्वतीबाईंचं नाव घ्यायचंय, आणि जरा थांबून घ्यायचंय. त्या काळी कोरी फिल्म भोकं न पाडलेली यायची. अंधाऱ्या खोलीत बसून ती भोकं पाडायचं काम त्यांनी शिकून घेतलं आणि केलं. शिवाय ‘राजा हरिश्चंद्र’ या त्यांच्या पहिल्या चित्रपटातल्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला, तारामतीचं काम करायला बाई मिळेना म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके उभे राहिले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात तो लागला. दादासाहेबांना एका गोष्टीवर नजर खिळवता आली, कारण बाकीच्या पन्नास गोष्टींकडे दुसरं कुणीतरी बघत होतं. लक्ष एकट्याच्या निग्रहाने राखता येतं, हे मला पटत नाही. आणि जी व्यक्ती ते राखून देते तिचं नाव पाटीवर नसतं.

आपल्या घरात हे नीट बोलून ठरवावं. सकाळचे दोन तास फोन माझ्याजवळ नसेल, ऑर्डरचे निरोप मी दुपारी आणि संध्याकाळी बघेन. ‘ताई, दोनच मिनिटं’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकालाही ते कळवून टाकावं. माझ्या अनुभवात गिऱ्हाइकं त्याने तुटत नाहीत. तुटतात ती वेळेवर माल न मिळाल्याने. आणि घरातल्याने तुमचे दोन तास सांभाळले, तर तुम्ही त्याचे दोन तास सांभाळायचे. सरस्वतीबाईंच्या वाट्याला असे तास आले का, कुणास ठाऊक.

एक सावधगिरी पैशाच्या बाजूची. १९१८ मध्ये भागीदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली. भांडवलाची चिंता मिटली, पण खर्च किती, वेळ किती, यावरून खटके सुरू झाले आणि फाळके सरळ काशीला निघून गेले. तिथे नाटक लिहिलं, काही वर्षांनी परतले. भागीदारही अगदीच चुकीचे होते असं मला वाटत नाही. हिशेब कुणाला तरी ठेवावाच लागतो. पण दुसऱ्याचा पैसा घेताना आपल्या दिवसावर त्याचा किती हक्क, हे आधीच कागदावर असलेलं बरं.

ज्यांच्या घरात फोन सांभाळायला कुणीच नाही, त्यांनी जोडी करावी. मी आणि माझी एक मैत्रीण, ती बाटिक, म्हणजे मेण लावून कापड रंगवायचं काम करते, असंच करतो. सकाळी माझ्या कामाचे फोन ती घेते, दुपारी तिचे मी. भाव मात्र एकमेकींचे सांगायचे नाहीत, हा नियम आहे. कारण ती माझी मुखपृष्ठं फार स्वस्तात देऊन टाकते.

नमस्कार.