पिंपातल्या चौघी

नमस्कार श्रोतेहो.

नोव्हेंबर १९८५. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात ॲलन्सटाउन नावाचं गाव आहे. तिथल्या बेअर ब्रुक उद्यानाच्या जंगलात शिकारीला गेलेल्या एका माणसाला एक लोखंडी पिंप दिसलं. आत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले दोन मृतदेह होते, एका बाईचा आणि एका मुलीचा. पोलीस आले, पंचनामा झाला. त्या जागेपासून जेमतेम शंभर यार्डांवर आणखी एक पिंप पडलेलं होतं, ते मात्र कुणाच्या नजरेस आलं नाही. ते सापडलं २००० साली. त्यात आणखी दोन लहान मुली होत्या.

या चौघींचा खून झाला होता हे स्पष्ट होतं. त्या कोण होत्या, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

खुनाचा तपास मेलेल्या माणसाच्या नावापासून सुरू होतो. ती कुठे राहायची, कुणाबरोबर राहायची, शेवटची कुणाला दिसली, कुणाशी तिचं बिनसलं होतं. नावच नसेल तर यातला एकही प्रश्न कुणाला विचारता येत नाही, आणि खुनी सुखाने जगत राहतो. बेअर ब्रुकचा खुनी असाच जगला. टेरी रासमुसेन हे त्याचं खरं नाव. तो राज्य बदलायचा, नाव बदलायचा, एका बाईला तिच्या माणसांपासून तोडून दूर न्यायचा. पुढे २००२ साली त्याने कॅलिफोर्नियात आणखी एका स्त्रीचा खून केला, त्यात तो पकडला गेला, आणि २०१०मध्ये तुरुंगात मेला. तोही खोट्या नावाने! त्याचं खरं नाव उघड झालं २०१७ साली.

मग इतकी वर्षं डीएनए काय करत होता, असं कुणीही विचारील. पोलिसांच्या नेहमीच्या चाचणीत डीएनएमधल्या वीसेक ठरावीक जागा पाहतात. तेवढ्यावरून हा नमुना आणि तो नमुना एकाच माणसाचा आहे का, किंवा हे आईबाप आणि ते लेकरू आहे का, हे कळतं. पण जुळवायला समोर दुसरा नमुना लागतो. ज्या बाईची हरवल्याची नोंदच नाही, तिच्यासाठी तो कुठून आणणार?

वंशावळीच्या शोधात याच डीएनएमधल्या काही लाख जागा वाचतात. त्यामुळे लांबची नातीही दिसू लागतात. दोन माणसांमध्ये किती डीएनए समाईक आहे हे सेंटीमॉर्गन या एककात मोजतात. सख्ख्या चुलत, मामे, मावस भावंडांत ते साधारण साडेआठशे भरतं. ज्यांचे फक्त पणजोबा-पणजी एक आहेत त्यांच्यात सव्वादोनशेच्या आसपास. खापरपणजोबांपर्यंत गेलं की सत्तर-पंचाहत्तर. आपल्या पूर्वजांच्या कुतूहलापोटी लाखो लोकांनी स्वतःचा डीएनए ‘जेडमॅच’सारख्या संकेतस्थळांवर ठेवलेला असतो. मृताचा डीएनए तिथे टाकला की असे लांबचे नातेवाईक समोर येतात.

आणि मग खरं काम सुरू होतं, जे यंत्र करत नाही. समजा, पणजोबा समाईक असलेला एक माणूस सापडला. त्याचे पणजोबा-पणजी म्हणजे चार जोडपी. चारही जोडप्यांची मुलं, नातवंडं, पतवंडं, सगळी शोधून मांडायची. जुनी जनगणना, लग्नाच्या नोंदी, वर्तमानपत्रातल्या मृत्युवार्ता. कुणाचं आडनाव लग्नाने बदललेलं, कुणी दत्तक गेलेलं, कुणाचा बाप कागदावर एक आणि खरा दुसराच. दुसऱ्या बाजूचा एखादा नातेवाईक सापडला की त्याचीही वंशावळ अशीच मांडायची. मग पाहायचं, या दोन घराण्यांची सोयरीक कुठे झाली आहे. त्या जोडप्याच्या लेकरांत एखादं असं निघतं की एका ठरावीक सालानंतर त्याची कसलीच नोंद नाही. लग्न नाही, पत्ता नाही, मृत्यूचा दाखला नाही. तिथे बोट थांबतं. त्यानंतर जवळच्या नातेवाइकाचा नमुना घेऊन पक्की खात्री करावी लागते, त्याशिवाय नाव जाहीर होत नाही.

बेअर ब्रुकमध्ये अडचण याच्याही आधीची होती. इतक्या वर्षांत अवशेषांतला डीएनए पार खराब झाला होता. केसाला मूळ नसेल तर त्यातून असा सविस्तर डीएनए मिळत नाही, असंच तोवर समजलं जात होतं. सांताक्रूझ इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले एड ग्रीन यांनी मूळ नसलेल्या केसातूनही तो मिळवण्याची पद्धत बसवली. त्यावर बार्बरा रे-व्हेंटर या वंशावळ अभ्यासक बाईंनी काम सुरू केलं. या बाई पेशाने वकील, निवृत्तीनंतर वंशावळींच्या नादाला लागलेल्या.

त्याच सुमारास कनेक्टिकट राज्यातली एक ग्रंथपाल रात्री घरी बसून याच चौघींचा शोध घेत होती. तिच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. बेपत्ता नातलगांची चौकशी करणारे जुने संदेश ती एकेक करून वाचत होती. त्यात एका बालिकेची आणि तिच्या आईची चौकशी करणारा मजकूर तिला सापडला. तिने त्या कुटुंबाशी संपर्क साधला. ती बाई रासमुसेन नावाच्या माणसाबरोबर निघून गेली होती, असं तिला तिथे कळलं. तिने ते पोलिसांना कळवलं. इकडे केसातला डीएनएही त्याच घराकडे निघाला होता. जून २०१९मध्ये नावं जाहीर झाली. मार्लिस हनीचर्च, आणि तिच्या दोन मुली, मेरी व्हॉन व सारा मॅकवॉटर्स. १९७८ सालच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला कॅलिफोर्नियात माहेरी मार्लिसचं आईशी भांडण झालं आणि ती त्या माणसाबरोबर निघून गेली. घरच्यांनी तिला पुन्हा पाहिलं नाही. ॲलन्सटाउन देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, तिथे तिचा शोध घेण्याचं कुणाला सुचणार?

मला या प्रकरणात सगळ्यात मोलाचा वाटतो तो कुणा नातलगाने कित्येक वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला चौकशीचा मजकूर. केंटकी राज्यातही असंच घडलं होतं. १९६८ साली जॉर्जटाउनजवळ ताडपत्रीत गुंडाळलेली एक मुलगी सापडली. तिच्या थडग्यावर ‘टेंट गर्ल’ असं कोरलं होतं. तिचं वय सोळा ते एकोणीस असावं असा अंदाज होता. टॉड मॅथ्यूज नावाच्या कारखान्यातल्या कामगाराने सुमारे दहा वर्षं तिचा ध्यास घेतला. १९९८मध्ये, लेक्सिंग्टनमधून नाहीशी झालेल्या बहिणीचा शोध घेणारा एक संदेश त्याला इंटरनेटवर दिसला. ती बार्बरा ॲन हॅकमन टेलर निघाली. वय २४, लग्न झालेली, पदरात मूल. सोळा वर्षांच्या मुलीच्या शोधात ती कशी सापडणार होती?

हौशी शोधकांनी एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळायला हवं असं मला वाटतं. आपली शंका थेट दुःखी घरी फोन करून सांगू नये. ती चुकीची निघाली तर त्या आईबापांचं काय होईल? माहिती तपास अधिकाऱ्यांकडे द्यावी आणि थांबावं. डीएनए देणाऱ्यांच्या संमतीचा प्रश्नही खरा आहे. म्हणूनच २०१९पासून जेडमॅचवर, माणसाने स्वतः होकार दिला असेल तरच त्याचा डीएनए गुन्हेगाराच्या शोधासाठी पोलिसांना वापरता येतो. त्यामुळे शोध अवघड झाला, तरी ते योग्यच झालं.

चौथी मुलगी उरली होती. ती मार्लिसची नव्हती. डीएनएनुसार तिचा बाप खुद्द रासमुसेन होता. तिचं नाव सप्टेंबर २०२५मध्ये जाहीर झालं, रेया रासमुसेन. तिच्या आईचं नाव पेपर रीड. ती १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून बेपत्ता आहे. १९८१ साली न्यू हॅम्पशायरमधल्याच मँचेस्टर शहरातून रासमुसेनबरोबर गेलेली डेनिस बोडिन हिचाही पत्ता लागलेला नाही. त्या दोघींचा शोध अजून चालू आहे.

नमस्कार.