पुण्याच्या उन्हाळ्यात न्यूटसाठी टाकी

नमस्कार श्रोतेहो.

आज मी बोलणार आहे न्यूट पाळण्याबद्दल. खरं तर न्यूट घरी आणण्याआधीच्या तयारीबद्दल. कारण पुण्यात या जिवाचं जगणं-मरणं एकाच गोष्टीवर ठरतं: मे महिन्यात तुमच्या टाकीतलं पाणी किती अंशांवर राहतं.

ज्यांनी न्यूट पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हा बेडकाच्या नात्यातला उभयचर प्राणी. अंगकाठी पालीची, पण अंगावर खवले नाहीत. मऊ, ओलसर कातडी, चार नाजूक पाय आणि पोहण्यासाठी चपटी शेपूट. छंद म्हणून बऱ्याच ठिकाणी पाळला जातो तो चिनी न्यूट जेमतेम बोटभर लांब, पाठीवर काळपट आणि पोटाला भडक नारिंगी. नीट सांभाळला तर अनेक वर्षं जगतो. आपल्या सह्याद्रीत न्यूट नाहीत. हा थंड पाण्याचा प्राणी आहे, आणि सगळा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

त्याला पाणी लागतं साधारण १६ ते २० अंश सेल्सिअसचं. २४ च्या वर पाणी काही दिवस राहिलं की तो खाणं सोडतो, कातडीवर बुरशी धरते आणि सारखा पाण्याबाहेर निघायला बघतो. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी, आणि त्याच वेळी त्याच्या शरीराची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली. आता आपल्याकडे बघा. एप्रिल-मे मध्ये दुपारी पारा ४० च्या आसपास जातो. वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखालच्या खोलीत टाकीतलं पाणी सहज ३० च्या पुढे जातं.

यावर लोक पहिला उपाय करतात तो छोट्या पंख्याचा. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा सोडला की बाष्पीभवन होतं आणि पाणी गार होतं, माठातलं होतं तसंच. पुण्याचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे हा उपाय चालतोही, पण दोन-चार अंशांपुरताच. ३० चे २६ झाले तरी न्यूटच्या दृष्टीने ते गरमच. पावसाळ्यात हवा दमट झाली की पंख्याचा उपयोग आणखी कमी होतो. बर्फाच्या बाटल्या टाकणं तर मला अजिबात पटत नाही. दुपारी पाणी झटकन उतरतं, संध्याकाळी पुन्हा चढतं, आणि त्या चढउतारानेच प्राणी आजारी पडतो. म्हणून स्पष्टच सांगतो: टाकीला चिलर लावणं किंवा टाकी असलेल्या खोलीत दिवसभर एसी चालवणं परवडणार नसेल, तर पुण्यात न्यूट आणू नका. चिलर घेतलात तर तो बंद कपाटात कोंबू नका. तो पाण्यातली उष्णता काढून बाहेर फेकतो, त्या गरम हवेला वाट लागते. हिवाळ्याची मात्र काळजी नको. डिसेंबर-जानेवारीतला आपला गारठा न्यूटला मानवतो, हीटर लागत नाही.

माझा आग्रह आहे की टाकी मार्चमध्ये लावा आणि मे संपेपर्यंत न्यूटशिवाय चालवा. आत थर्मामीटर ठेवा, रोज दुपारी चारच्या सुमाराला आकडा वहीत लिहा. मेअखेर वही उघडलीत की तुमच्या घरात न्यूट राहू शकेल की नाही, हे कोणाला विचारावं लागणार नाही.

हे महिने वाया जात नाहीत, कारण तेवढ्यात टाकी 'सायकल' होते. प्राण्याच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. स्पंज फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि मग नायट्रेट, जे बरंच सौम्य. हे जिवाणू जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. रिकाम्या टाकीत रोज माशांच्या खाद्याची चिमूट टाकत राहिलं की त्यांना अन्न मिळतं. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की टाकी तयार.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी घ्या. त्यात पन्नासेक लिटर पाणी मावतं आणि दोन-तीन छोट्या न्यूटना पुरतं. लांबी-रुंदी जास्त हवी, उंची नको, कारण हे प्राणी श्वास घ्यायला वर येतात आणि पुन्हा तळाशी जातात. जोराचा पॉवर फिल्टर नको, प्रवाहात ते थकतात. एअर पंपावरचा स्पंज फिल्टर उत्तम. चिलरला पाणी फिरवणारा पंप लागतोच, तेव्हा त्याचा परतीचा झोत काचेकडे वळवा. झाकण हवंच, जाळीचं आणि घट्ट. ओल्या पोटाने काचेला चिकटून न्यूट सरळ वर चढतो, आणि वायर जाण्यापुरती फट असली तरी तेवढी त्याला पुरते.

पाणी खडकवासल्याचं, म्हणजे नळाचं असेल तर त्यात क्लोरीन असतं. न्यूटच्या कातडीतून पाणी थेट आरपार जातं, त्यामुळे अँटी-क्लोरीन घातल्याशिवाय एक तांब्याही ओतू नका. बोअरचं जड पाणी टाळा. पंख्याने आटलेलं पाणी भरायला मात्र आरओचं वापरा, कारण आटताना क्षार मागेच राहतात आणि नळाचं पाणी भरत गेलात तर ते साचत जातात. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. गुरुवारी पाणी बंद असलं की दुसऱ्या दिवशी गढूळ येतं, ते त्या दिवशी वापरू नका. वीज जाते त्या वेळेसाठी बॅटरीवरचा एअर पंप हाताशी असू द्या.

तळाला बारीक वाळू घाला किंवा काही घालू नका. खडे नकोत, कारण किडा पकडताना न्यूट खडाही गिळतो. जावा मॉस, वॅलिसनेरिया भरपूर लावा आणि एका कोपऱ्यात तरंगता कॉर्क ठेवा, बाहेर येऊन बसायला.

ही झाडं शोभेची नाहीत. मादी अंडी घालते तेव्हा एक-एक करून घालते. पान मागच्या दोन पायांनी धरते, अंड्याभोवती दुमडते आणि ते चिकटेपर्यंत तशीच दाबून थांबते. मग पुढचं पान. हे बघायला मिळालं तर दिवे मंद ठेवा आणि काचेवर टकटक करू नका.

खायला गांडुळाचे तुकडे आणि ब्लडवर्म, म्हणजे पाण्यातल्या लाल अळ्या, द्या. कोरड्या गोळ्यांकडे बरेच न्यूट ढुंकून बघत नाहीत. तुकडा पुढ्यात टाकलात की न्यूट आधी थबकतो, नाक तुकड्याजवळ नेऊन वास घेतो आणि मग झटक्यात तोंडात ओढतो. त्याला वेळ द्या. अर्ध्या तासाने उरलेलं उचलून टाका. आणि सोबत मासे सोडू नका. काही मासे त्याचं अंग टोचतात, आणि त्याच्या कातडीतलं विष पाण्यात उतरलं तर माशांचंही काही खरं नाही. हे विष हातावर बाधत नाही, पण डोळ्यात-तोंडात जाऊ नये. टाकीत हात घालून झाल्यावर साबणाने धुवा. मुलांना तर ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

कायद्याचंही बघून घ्या. दार्जिलिंग-सिक्कीमकडचा हिमालयीन न्यूट वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. कोणी विकायला आणला तर घेऊ नका. न्यूटच्याच नात्यातला मेक्सिकोचा अॅक्सोलॉटल 'साइटीस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, आणि अशा यादीतल्या परदेशी प्राण्यांची आता सरकारकडे नोंदणी करावी लागते. दुकानदाराकडे कागद मागा. नाही म्हणाला तर दुसरीकडे जा.

आणि कंटाळा आला, बदली झाली, तरी न्यूट मुळा-मुठेत किंवा पाषाणच्या तळ्यात सोडू नका. न्यूट आणि त्याचे भाऊबंद असलेले सॅलमँडर मारणारी एक बुरशी २०१३ मध्ये युरोपात ओळखली गेली. ती मूळची आशियातली, आणि पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून तिकडे पोहोचल्याचं मानलं जातं. आपले बेडूक आणि देवगांडुळं, म्हणजे बिनपायांचे उभयचर, बाहेरून आलेल्या रोगांपुढे उघडी आहेत. टाकी बदलताना काढलेलं पाणीही ओढ्या-नाल्यात नको. ते बाल्कनीतल्या कुंड्यांना घाला, नायट्रेटमुळे झाडं चांगली फुटतात.