धोतरं विणणाऱ्या गावाचा संघ

श्रोतेहो, नमस्कार. आज फुटबॉलबद्दल बोलायचं आहे, पण सुरुवात धोतरापासून करतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हिंदुस्थानात येणारी विलायती धोतरं इंग्लंडमध्ये ज्या गावांतल्या मागांवर विणली जात, त्यांत लँकेशायरमधल्या ब्लॅकबर्नचं नाव मोठं होतं. 1905 साली पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. त्या होळीत ब्लॅकबर्नचं कापडही असणार, असं मला नेहमी वाटतं.

याच गावात 1875 साली ब्लॅकबर्न रोव्हर्स हा संघ निघाला. काढणारे तरुण सुखवस्तू घरांतले होते, पण त्याच्यावर जीव लावला गिरणी कामगारांनी. शनिवारी दुपारी गिरणी सुटली की पावलं मैदानाकडे वळायची.

एफए कप ही इंग्लंडमधली जुनी बाद पद्धतीची स्पर्धा. त्या काळी ती म्हणजे बड्या शाळांतून शिकलेल्या साहेबलोकांची मिरास. 1882 च्या अंतिम सामन्यात ओल्ड इटोनियन्सनी, म्हणजे ईटन शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाने, रोव्हर्सना 1-0 असं हरवलं. पुढच्याच वर्षी त्याच इटोनियन्सना 2-1 असं नमवून कप गावात आणला तो ब्लॅकबर्न ऑलिम्पिकने, म्हणजे रोव्हर्सच्या गावातल्याच दुसऱ्या संघाने. त्यात विणकर होते, सूतगिरणीतले कामगार होते. कष्टकऱ्यांच्या संघाने कप जिंकण्याची ती पहिली वेळ. माझ्या लेखी इंग्लिश फुटबॉलमधला सर्वांत मोठा दिवस तोच. मग रोव्हर्सनी 1884, 1885 आणि 1886 असा सलग तीन वर्षं कप घेतला.

त्या संघात फर्गस सूटर नावाचा ग्लासगोचा पाथरवट होता. शेजारच्या डार्वेन गावाच्या संघाकडून खेळता खेळता तो 1880 मध्ये रोव्हर्सकडे आला. खेळण्याचे पैसे घेणं तेव्हा नियमात बसत नव्हतं, तरी त्याला ते मिळतात अशी बोलवा होती. पैशासाठी खेळणं हलकं, असं प्रतिष्ठित मंडळी म्हणत. अहो, पण आठवडाभर मागावर उभा राहणारा माणूस सामन्यासाठी खाडा करणार, तर त्याची त्या दिवसाची मजुरी कुणी द्यायची? अखेर 1885 मध्ये फुटबॉल असोसिएशनने व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली. 1888 मध्ये बारा संघांची फुटबॉल लीग सुरू झाली, त्यांत रोव्हर्स होते. 1912 आणि 1914 मध्ये ते लीगचे विजेतेही झाले.

पुढे कापडाचा धंदा बसला. 1931 मध्ये गांधीजी डार्वेनला गेले होते. आपल्या बहिष्काराची झळ बसलेले कामगार त्यांना तिथे भेटले, आणि त्या कामगारांनी त्यांचं मनापासून स्वागत केलं.

संघाला पुन्हा उभं केलं ते जॅक वॉकर यांनी. गावातच जन्मलेले, पोलादाच्या व्यापारात मोठे झालेले. त्यांनी केनी डॅलग्लिशना प्रशिक्षक नेमलं, गोल करण्यात तरबेज ॲलन शिअररला आणलं. 14 मे 1995, मोसमाचा शेवटचा दिवस. लिव्हरपूलमध्ये रोव्हर्स अखेरच्या क्षणी 2-1 असे हरले, पण तिकडे लंडनमध्ये मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमने बरोबरीत रोखलं होतं. एका गुणाने प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडमधली सर्वांत वरची लीग, रोव्हर्सची झाली. 1914 नंतर तब्बल 81 वर्षांनी ते पुन्हा देशाचे विजेते झाले!

2010 मध्ये हा संघ विकत घेतला पुण्याच्या वेंकीज समूहाने. दोनच वर्षांत संघ प्रीमियर लीगमधून घसरला, 2017 मध्ये तिसऱ्या स्तरावर गेला, पुढच्या मोसमात एक पायरी वर आला. तिथले समर्थक मालकांवर रागावले, रस्त्यावर उतरले. मला त्यांचा राग समजतो. पिढ्यान्‌पिढ्या जपलेला संघ हातातून निसटताना पाहणं सोपं नसतं.

शनिवारी दुपारी तीनला रोव्हर्सच्या ईवुड पार्क मैदानावर सामना सुरू होतो, तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे साडेआठ वाजलेले असतात. त्या रात्री रोव्हर्सचा निकाल पाहिल्याशिवाय मी झोपत नाही. नमस्कार.