वायर पोचेना म्हणून विमान रखडलं

नमस्कार श्रोतेहो! नवं प्रवासी विमान लांबलं की लोक आधी इंजिनाला दोष देतात, पण आज मी सांगणारे वायरीची गोष्ट. हो, साधी वायर.

एअरबसचं दुमजली ए-३८० आठवतंय ना? त्याच्या धडाचे पुढचे-मागचे भाग जर्मनीत, हॅम्बुर्गला बनायचे. तिथून जहाजाने फ्रान्स, मग बार्जवर घालून नदीतून, आणि शेवटी रात्री ट्रेलरवरून छोट्या गावातल्या घरांच्या भिंतींना अगदी खेटून तुलूझला, कारण जोडणी तिथे. तर हे भाग आले, आत वायरिंग ओढलेलं, कामगार आत शिरला, वायरींचा जुडगा धरून कनेक्टरकडे नेला तर टोक पोचेचना! एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर, म्हणजे इथे ओढून तिथे जोडून भागणारं काम नव्हे. कारण काय, तर हॅम्बुर्गवाले डिझाइनच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती वापरत होते आणि तुलूझवाले नवी. त्यात वजन वाचवायला तांब्याऐवजी बरीच अ‍ॅल्युमिनियमची वायर घेतलेली, ती तांब्यासारखी चटकन वळत नाही, वळणाला जास्त लांबी खाते, आणि कॉम्प्युटरवर ती वळणं नीट धरलीच गेली नव्हती. मग जर्मनीहून शेकडो माणसं तुलूझला येऊन राहिली आणि हाताने वायरी काढून पुन्हा घालत बसली.

 

दोष एकच, वायर पोचेना, पण २००६ च्या जूनमध्ये आणखी उशीर जाहीर झाला तेव्हा मूळ कंपनीचा शेअर एका दिवसात पावभाग पडला, पुढच्याच महिन्यात वरच्या दोन साहेबांनी खुर्च्या सोडल्या. मला मात्र त्या पुन्हा वायरी घालणाऱ्यांचंच कौतुक वाटतं. विमान उडत होतं बरं का, २७ एप्रिल २००५ लाच उडालेलं! पण उडणं वेगळं आणि गिऱ्हाइकाच्या हातात पडणं वेगळं. २००६ मध्ये द्यायचं ते पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळालं १५ ऑक्टोबर २००७ ला, आणि दहाच दिवसांनी ते प्रवासी घेऊन सिंगापूरहून सिडनीला गेलं.