जुळणीचे औषध

श्रोतेहो, सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली अनेक वर्षे मी विद्यार्थ्यांकडून एक प्रयोग करून घेत आलो आहे आणि आजच्या विषयाची सुरुवात मला त्या प्रयोगापासूनच करावीशी वाटते. सांडपाण्याच्या नाल्यातून बाटलीभर पाणी आणायचे, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचे पाणी ०.२२ मायक्रॉन छिद्रांच्या गाळणीतून गाळून घ्यायचे. या छिद्रांतून जिवाणू पलीकडे जात नाहीत. जे जाते ते त्यांच्याहून पुष्कळ लहान असते. हे गाळलेले पाणी आणि ई. कोलाय जिवाणूंचे ताजे संवर्धन पातळ, कोमट अगारमध्ये, म्हणजे थंड झाल्यावर जेलीसारखे गोठणाऱ्या पदार्थात, एकत्र करून पेट्री डिशमध्ये ओतायचे आणि ती रात्रभर ३७ अंशांवर ठेवायची. सकाळी डिश उजेडासमोर धरली की जिवाणूंची दुधट साय सगळीकडे पसरलेली दिसते आणि तिच्यात मध्येमध्ये मोहरीएवढे, काही त्याहून बारीक, स्वच्छ पारदर्शक ठिपके दिसतात. त्या प्रत्येक ठिपक्याच्या जागी जिवाणू फुटून नाहीसे झालेले असतात. विद्यार्थ्यांनी तो ठिपका पहिल्यांदा पाहिला की वर्गात जी शांतता पसरते, ती मला आजही तितकीच हवीशी वाटते.

हे ठिपके ज्याच्यामुळे पडतात तो बॅक्टेरिओफेज, म्हणजे जिवाणूंवर जगणारा विषाणू. आपण त्याला थोडक्यात फेज म्हणू. ई. कोलायवर जगणारा टी-४ हा फेज सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला आहे. त्याला कंगोरेदार डोके असते, त्यात डीएनए ठासून भरलेला असतो, खाली आखडणारी नळीसारखी शेपटी असते आणि शेपटीला बारीक तंतू असतात. हे तंतू जिवाणूच्या पृष्ठभागावरची ठरावीक रेणूरचना चाचपतात. ती सापडली तरच फेज तेथे चिकटतो, शेपटी आखडून आपला डीएनए आत सोडतो आणि जिवाणूची सगळी यंत्रणा स्वतःच्या प्रती काढण्याला जुंपतो. अर्ध्या तासाच्या आत आत शंभराहून अधिक नवे फेज तयार होतात, एक विकर जिवाणूची भिंत आतून विरघळवते आणि ते सगळे बाहेर पडतात. ती ठरावीक रचना सापडली नाही, तर मात्र फेज त्या जिवाणूला काहीच करू शकत नाही. आपल्या पेशींवर ती रचना नसतेच, त्यामुळे आपल्या पेशींना त्याची बाधा होत नाही. पण त्याच कारणाने ई. कोलायच्या एका वाणावर चालणारा फेज त्याच जातीच्या दुसऱ्या वाणावर निरुपयोगी ठरू शकतो. ही जुळणी या विषयाचा कणा आहे आणि माझ्या मते फेज-उपचारांचा शंभर वर्षांचा इतिहास हा ती जुळणी सांभाळल्याचा आणि न सांभाळल्याचा इतिहास आहे.

या इतिहासाच्या आरंभी आपल्याकडचे एक नाव नेहमी घेतले जाते. आग्र्याला रासायनिक परीक्षक असलेल्या अर्नेस्ट हॅनबरी हँकिन यांनी १८९६ मध्ये असे नोंदवले की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जिवाणू झपाट्याने मरतात आणि पाणी उकळले की त्याचा हा गुण जातो. यावरून गंगेतल्या फेजचा शोध हँकिन यांनी लावला असे अनेकदा लिहिले जाते. हे मला घाईचे वाटते, कारण तो गुण फेजचाच होता हे त्या प्रयोगांवरून सिद्ध होत नाही. गंगेच्या पाण्यात फेज आहेत यात शंका नाही, पण ते आपल्या गावच्या ओढ्यातही आहेत. १९१५ मध्ये लंडनच्या फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी जिवाणूंच्या वसाहती काचेसारख्या पारदर्शक होऊन मरतात असे दाखवले, आणि १९१७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करणाऱ्या फेलिक्स देरेल यांनी आमांशाच्या रुग्णांच्या मलातून असाच घटक वेगळा करून त्याला बॅक्टेरिओफेज हे नाव दिले. हा जिवाणूंवर वाढणारा विषाणू आहे, असे ठामपणे सांगणारे आणि त्याचा औषध म्हणून विचार करणारे पहिले शास्त्रज्ञ देरेल होत.

१९१९ मध्ये पॅरिसच्या मुलांच्या रुग्णालयात तीव्र आमांशाने खंगलेला बारा वर्षांचा एक मुलगा दाखल होता. देरेल यांनी आपला फेज आधी स्वतः आणि रुग्णालयातील डॉक्टरांनी पिऊन पाहिला, कोणालाही अपाय झाला नाही हे पाहून मगच तो मुलाला दिला, आणि मुलगा बरा झाला. एका मुलावरून काही सिद्ध होत नाही, हे आज आपण जाणतो. तरी औषध रुग्णाला देण्यापूर्वी स्वतः घेण्याची ती तयारी मला या माणसाबद्दल बरेच काही सांगून जाते.

हा माणूस मुंबईतही येऊन गेला आहे. परळची हाफकिन संस्था मूळची प्लेग संशोधनाची प्रयोगशाळा; १९२६ च्या सुमारास प्लेगवर फेज चालतो का हे पाहण्यासाठी देरेल यांना तेथे पाचारण करण्यात आले. पुढे ते कॉलऱ्याकडे वळले. पंजाबात त्यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना फेज पाजला आणि साथ चालू असलेल्या गावांच्या विहिरींतही तो घातला. त्यांच्या कामामुळे ब्रिटिश हिंदुस्थानात फेजची रीतसर चौकशी सुरू झाली आणि ती जवळजवळ दशकभर चालली. पाटण्याला इगोर अशेशोव्ह आणि शिलाँगच्या पाश्चर संस्थेत मॉरिसन हे ती पाहत होते. मॉरिसन यांनी आसामातील नौगाव भागात गावोगावी फेजच्या कुप्या पोहोचवल्या आणि तुलनेसाठी हबीगंजचा भाग घेतला. नौगावात कॉलऱ्याचे मृत्यू घटले. पण कॉलऱ्याची साथ मुळातच वर्षावर्षाला चढते-उतरते, दोन भागांचे पाणी, वस्ती आणि सवयी वेगळ्या असतात आणि कोणाला औषध द्यायचे हे चिठ्ठी टाकून ठरवलेले नव्हते. त्यामुळे घट फेजमुळे की आणखी कशामुळे, याचा निकाल लागला नाही. आज फेजच्या बाजूने बोलणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा प्रयोग यश म्हणून मिरवू नये असे मला वाटते. मात्र, इतक्या मोठ्या लोकसंख्येवर फेज वापरण्याचा प्रयत्न आपल्या भूमीवर झाला होता, हे आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवले जायला हवे.

कॉलऱ्याच्या साथीच्या या चढ-उतारामागे फेज स्वतःही असतो. ढाक्याच्या पाण्याचे नमुने वर्षानुवर्षे तपासणाऱ्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले की पाण्यात कॉलऱ्याचे जिवाणू वाढतात तेव्हा त्यांच्यावरचे फेज कमी असतात आणि फेज वाढले की जिवाणू व रुग्ण दोन्ही घटतात. याच कॉलऱ्याने फेजची दुसरी बाजूही दाखवली आहे. कॉलऱ्याच्या ज्या विषामुळे रुग्णाच्या शरीरातले पाणी ओसरून जाते, ते विष कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले. त्या विषाचे जनुक जिवाणूमध्ये एका फेजनेच आणलेले असते, हे १९९६ मध्ये उघड झाले. असे फेज जिवाणूला लगेच फोडत नाहीत. त्याच्या गुणसूत्रात शिरून पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याबरोबर राहतात आणि कधीकधी त्याला अधिक घातक करतात. औषध म्हणून निवडलेल्या फेजचा संपूर्ण जनुकसंच आधी वाचावा लागतो तो यासाठी.

युरोप-अमेरिकेत १९३० च्या दशकात फेजच्या बाटल्या दुकानांतून विकल्या जात होत्या. त्यांतल्या कित्येकांत टिकाऊपणासाठी घातलेल्या रसायनांनीच फेज मरत असत आणि रुग्णाचा जिवाणू त्या फेजला दाद देतो का, हे कोणी तपासत नसे. १९३४ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या आढाव्याने उपलब्ध पुरावा अपुरा आणि परस्परविरोधी ठरवला. पुढे पेनिसिलीन आले, एक औषध अनेक जिवाणूंवर चालू लागले आणि जुळणीची कटकट करण्याचे कारण उरले नाही. तेव्हा सोव्हिएत संघात असलेल्या जॉर्जियात मात्र काम थांबले नाही. देरेल यांचे मित्र जॉर्ज एलियावा यांनी १९२३ मध्ये तिबिलिसीला स्थापन केलेली संस्था आजही चालू आहे; एलियावा यांना मात्र १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीत गोळ्या घातल्या गेल्या. भारतातूनही रुग्ण आज तिबिलिसीला जाऊन उपचार घेऊन येतात.

आता हे सारे पुन्हा का उकरून काढावे लागले, ते आपण जाणताच. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात थेट सुमारे १२.७ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. आपल्या अतिदक्षता विभागांत क्लेब्सिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर ही अशा जिवाणूंची नावे आता नातेवाइकांच्याही तोंडी बसली आहेत.

२०१५ च्या अखेरीस इजिप्तमध्ये आजारी पडलेले अमेरिकन प्राध्यापक टॉम पॅटरसन यांना याच ॲसिनेटोबॅक्टरने ग्रासले होते आणि त्यांच्यावर कोणतेही प्रतिजैविक चालेना. त्यांच्या पत्नी स्टेफनी स्ट्रॅथडी या स्वतः साथरोगतज्ज्ञ. त्यांनी देशभरातील प्रयोगशाळांकडे मदत मागितली, त्यांच्या पतीच्या जिवाणूवर चालणारे फेज शोधले गेले आणि मार्च २०१६ मध्ये सॅन डिएगोला ते देण्यात आले. पॅटरसन शुद्धीवर आले आणि पुढे बरे झाले. या घटनेतला जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो बातम्यांत फारसा आला नाही. काही दिवसांतच त्यांच्या शरीरातील जिवाणू पहिल्या फेजना दाद देईनासे झाले आणि त्या बदललेल्या जिवाणूवर चालेल असा नवा फेज शोधून द्यावा लागला. म्हणजे जुळणी एकदा करून संपत नाही. रुग्णाच्या खाटेपाशी आणि प्रयोगशाळेत ती चालूच ठेवावी लागते.

जिवाणूने फेज चुकवायला शिकणे हे नेहमीच नुकसानीचे असते असेही नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातील पॉल टर्नर यांच्या गटाला कनेटिकटमधल्या एका तळ्यात स्यूडोमोनास या जिवाणूवरचा एक फेज मिळाला. जिवाणू ज्या पंपाने प्रतिजैविक शरीराबाहेर फेकतो, त्या पंपाचाच एक भाग धरून हा फेज चिकटतो. आता जिवाणूपुढे पेच पडतो. पंप ठेवला तर फेज मारतो, पंप बदलला किंवा टाकला तर प्रतिजैविक पुन्हा लागू पडते. हृदयापासून निघणाऱ्या महाधमनीत बसवलेल्या कृत्रिम नळीला जंतुसंसर्ग होऊन अनेक वर्षे त्रास सोसणाऱ्या एका वृद्ध रुग्णावर हा फेज प्रतिजैविकासह एकदाच वापरला गेला आणि संसर्ग आटोक्यात आला. जिवाणूच्या उत्क्रांतीची दिशा आपल्या सोयीने वळवण्याचा हा विचार मला या क्षेत्रातला सर्वांत सुंदर विचार वाटतो.

अपयशेही मांडली पाहिजेत, कारण मला त्यांनीच अधिक शिकवले. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये भाजलेल्या रुग्णांच्या जखमांवर फेजचे मिश्रण वापरून एक मोठी चाचणी योजली होती. फेज साठवणीत कमकुवत होत गेले, जखमेवर पोहोचले ते ठरवलेल्या मात्रेच्या हजारो पटींनी कमी, आणि २७ रुग्णांवरच चाचणी थांबवावी लागली. नेहमीचे चांदीयुक्त मलम फेजपेक्षा लवकर काम करताना दिसले. ढाक्याला जुलाब झालेल्या मुलांना ई. कोलायवरचे फेज पाजून पाहिले, तेव्हा काही फायदा झाला नाही, कारण अनेक मुलांच्या जुलाबाचे मूळ ई. कोलाय नव्हतेच आणि फेजना आतड्यात वाढायला पुरेसे जिवाणू मिळाले नाहीत. दोन्ही ठिकाणी फेज हा गोळीसारखा, सर्वांना सारखा देण्याचा पदार्थ मानला गेला.

याच्या उलट बेल्जियमच्या लष्करी रुग्णालयाने रुग्णागणिक फेज तयार करून देण्याची पद्धत बसवली आणि २०१८ पासून तेथील औषधनिर्मात्याला डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून असा फेज बनवून देण्याची मुभा आहे. त्यांनी समन्वय केलेल्या पहिल्या शंभर रुग्णांचा आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत ७७ टक्क्यांहून अधिक संसर्गांत प्रकृती सुधारली आणि ६१ टक्क्यांत ज्या जिवाणूसाठी उपचार केले तो नाहीसा झाला. ज्यांना बरोबर प्रतिजैविक दिले नव्हते त्यांच्यात जिवाणू नाहीसा होण्याची शक्यता बरीच कमी होती. येथे तुलनेचा गट नाही, म्हणून या आकड्यांवर फार भार टाकता येणार नाही. पण प्रतिजैविक टाकून द्यायचे नाही, त्याच्या जोडीला फेज द्यायचा, एवढे त्यातून नक्की समजते.

कोणता फेज कोठे सापडेल हे सांगता येत नाही, म्हणून साठा मोठा लागतो. २०१९ मध्ये लंडनमधील पंधरा वर्षांच्या एका मुलीला फुप्फुस प्रत्यारोपणानंतर क्षयाच्या कुळातल्या जिवाणूचा संसर्ग शरीरभर पसरल्याचे आणि तिला तीन फेज एकत्र देऊन आराम पडल्याचे प्रसिद्ध झाले. त्यांतील ‘मडी’ नावाचा फेज काही वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेतील डर्बनमध्ये एका सडक्या वांग्यावरून मिळाला होता. पिट्सबर्गच्या ग्रॅहम हॅटफुल यांच्या उपक्रमात विद्यार्थी मातीतून, पाचोळ्यातून असे फेज शोधतात, त्यांना नावे देतात आणि ते गोठवून ठेवतात. ते वांगे पिशवीत भरताना त्याचा असा उपयोग होईल, हे कोणालाच माहीत नव्हते.

आपल्याकडे ही कामे करणारे लोक आहेत. वाराणसीच्या काशी हिंदू विश्वविद्यालयात जुनाट जखमांवर फेजचे काम झाले आहे. मला महाराष्ट्रात जे व्हायला हवे वाटते ते फार खर्चिक नाही. प्रत्येक मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत दाद न देणारे जिवाणू वाढवले जातात, प्रतिजैविकांचा अहवाल लिहिला जातो आणि दोन दिवसांनी त्या डिश ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून, टाकून दिल्या जातात. त्यांतले निवडक वाण ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर जपले, शेजारच्याच सांडपाण्यातून त्यांच्यावर चालणारे फेज वेगळे केले, त्यांचे जनुकसंच वाचले आणि कोणत्या वाणावर कोणता फेज ठिपके पाडतो याची नोंदवही ठेवली, तर पाच वर्षांत आपल्याकडे असा संग्रह उभा राहील. पुढच्या वर्षी अतिदक्षता विभागातून नवा क्लेब्सिएला येईल, तेव्हा सायंकाळी त्याच्या डिशवर साठ्यातल्या शंभर फेजचे शंभर थेंब ओळीने टाकता येतील, आणि सकाळी डिश उजेडासमोर धरली की त्यांतला कोणता थेंब स्वच्छ झाला आहे ते दिसेल.